गाठ काढायची, नस ठेवायची

मिरजेला बाहेरगावची माणसं मुख्यतः दोन कामांसाठी येतात, दवाखान्यासाठी नाहीतर तंबोऱ्यासाठी. वानलेस साहेबांनी १८९४ साली इथं रुग्णालय उभं केलं आणि तेव्हापासून जत, सांगोला, अथणी, गोकाक, विजापूर असा चहूकडचा मुलूख आपापलं दुखणं घेऊन या जंक्शनवर उतरत आला. इकडे सतारमेकर गल्लीत पंढरपूरकडचे भोपळे वाळत पडलेले असतात. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, आणि मीरासाहेबांच्या उरुसात गवई अजून हजेरी लावतात. अशा गावात कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून उभी हयात काढली की आवाज ही केसपेपरवरची नुसती नोंद राहत नाही. म्हणून मानेतल्या मज्जातंतूच्या गाठीविषयी लिहावंसं वाटलं. आमच्या तरुणपणी तिचं काय व्हायचं आणि आता काय होतं, एवढाच विषय.

मानेतून बऱ्याच नसा खाली उतरतात. घशापासून पोटापर्यंत लांबचा पल्ला मारणारी व्हेगस, तिच्या मागून जाणारी सिंपथेटिक साखळी, खांद्याखालून हातात शिरणारं ब्रॅकियल प्लेक्ससचं जाळं. यांच्या धाग्यांना श्वान पेशींचं अस्तर असतं. त्यातल्या पेशी कधीतरी वाढायला लागतात आणि त्यांची गाठ होते, तिला श्वानोमा म्हणतात. हा कॅन्सर नव्हे. वाढ इतकी संथ, की वर्षाकाठी फार तर दोन-तीन मिलिमीटर. बहुतेकांना दुखतही नाही. अंगात होणाऱ्या श्वानोमांपैकी पाव ते निम्म्याच्या आसपास डोक्यात आणि मानेत सापडतात, तरी एकूण आजारांच्या पसाऱ्यात ही गाठ दुर्मीळच. साध्या प्रॅक्टिशनरला आयुष्यभरात चार-दोन दिसणार. तेव्हाची सगळी गोम इथंच होती, कारण क्वचित दिसणाऱ्या गोष्टीवर नेहमी दिसणाऱ्या गोष्टीचं नाव चिकटतं.

नेहमी दिसायची ती गंडमाळ. सत्तरच्या दशकात आमच्या भागात मानेत गाठ म्हटली की क्षयाची गाठ, हे ठरलेलं. बहुतेकदा ते खरंही निघायचं, त्यामुळे कुणाला दोष देता येत नाही. रुग्ण आमच्यापर्यंत पोचेतो गाठीवर बरंच काही होऊन गेलेलं असायचं. बिब्ब्याचा काळा डाग, कुठल्याशा पाल्याचा वाळून तडकलेला लेप, गळ्यात मंतरलेला दोरा. मग सरकारी दवाखाना. स्ट्रेप्टोमायसिनची सुई, आयएनएचच्या गोळ्या आणि मळमळ आणणारं ते पॅस. वर्ष-दीड वर्ष हे चालायचं. रिफाम्पिसिन गरिबाच्या हाती लागून कोर्स काही महिन्यांवर यायला ऐंशीचं दशक उजाडावं लागलं. क्षयाची गाठ या औषधांनी हळूहळू बसते. श्वानोमाला त्यांचं काही सोयरसुतक नाही. गाठ बसत नाही म्हटल्यावर कोर्स वाढवायचा, सुया पुन्हा सुरू. स्ट्रेप्टोमायसिन कानाला बाधतं, तेव्हा मानेतल्या निरुपद्रवी गाठीपायी कान गमावून बसलेली माणसंही पाहिली आहेत.

एक मुलगी अजून आठवते. लग्नाच्या वयाची, जबड्याच्या कोनाखाली लिंबाएवढी गाठ. कुठल्या तरी दवाखान्यातून क्षयाचा शिक्का घेऊन आलेली. घरात तिचं ताट-वाटी वेगळं, आलेली स्थळं माघारी गेलेली. आई गाठीविषयी फारसं विचारतच नव्हती. तिचं एकच म्हणणं, "कागदावर टीबी लिवलंय, तेवढं खोडून देता येतंय का बगा." गाठ निघाली सिंपथेटिक साखळीची. काढल्यावर मुलीची त्या बाजूची पापणी किंचित खाली आली आणि बाहुली बारीक झाली. हॉर्नर नावाच्या स्विस डॉक्टरानं १८६९ साली लिहून ठेवलं होतं, अगदी तसंच. आम्ही पापणीचं कसं सांगावं या विवंचनेत, तर आईला त्याचं काहीच वाटलं नाही. क्षय नाही असं लिहिलेला रिपोर्ट तिनं बारीक घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला आणि जाताना आमच्या नर्सबाईंना शेंगांची पिशवी देऊन गेली. पुढं लग्नही झालं.

तपासणीची हत्यारं म्हणजे डोळे, बोटं आणि आरसा. कपाळावर पट्ट्यानं बांधलेला, मधोमध भोक असलेला गोल आरसा आणि रुग्णाच्या कानामागे दिवा. घशात घालायचा छोटा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर शेकायचा, नाहीतर श्वासाची वाफ धरून तो आंधळा होतो. शेकला की आधी आपल्याच हाताच्या पाठीवर टेकवून पाहायचा, पोळत तर नाही ना. मग गॉजमध्ये रुग्णाची जीभ धरायची आणि म्हणायचं, "ई म्हणा." तो 'ई' म्हणतो तेवढ्या दोन क्षणांत स्वरयंत्राच्या दोन्ही पट्ट्या मध्ये येतात का एक जागीच थबकली आहे, हे टिपायचं. निम्म्या लोकांना ओकारी यायची, की पुन्हा दिवा, पुन्हा शेक. हा आरसा वैद्यकाला दिला तो एका गाण्याच्या मास्तरानं. मान्युएल गार्सिया नावाच्या स्पॅनिश गायनशिक्षकानं १८५४ साली दोन आरसे आणि उन्हाचा कवडसा वापरून स्वतःचंच स्वरयंत्र पाहिलं. मिरजेत विद्यार्थ्यांना हे सांगताना मला उगाचच आपल्या गावचा माणूस असल्यासारखा त्याचा अभिमान वाटायचा.

बोटांचं काम आरशाहून मोलाचं. रुग्णाची मान गाठीच्या बाजूला थोडी झुकवायची म्हणजे स्नायू सैल पडतो. मग गाठ चिमटीत धरून एकदा आडवी हलवायची, एकदा उभी. नसेत वाढलेली गाठ आडवी हलते, वर-खाली हलत नाही, कारण नस उभी ताणलेली असते. कॅरोटिड धमनीच्या फाट्यावर बसणारी गाठही अशीच वागते, पण तिच्यात ठोके लागतात. गाठ दाबताच कोरड्या खोकल्याची उबळ आली तर ती व्हेगसची, हे जवळपास पक्कं. हाताकडे जाणाऱ्या नसेची असेल तर नुसती टिचकी मारली तरी झिणझिण्या कोपर ओलांडून बोटांपर्यंत जातात. मी मुंबईत शिकत होतो तेव्हा आमचे सर राउंडला कुणी तुकडा काढायची भाषा केली की सगळ्यांदेखत विचारायचे, "गाठ दाबून पाहिलीस? खोकला का तो?" उत्तर आलं नाही तर राउंड तिथंच थांबायचा.

एवढं करूनही अंदाज तो अंदाजच. साध्या एक्स-रेत मऊ सावलीपलीकडे काही दिसत नसे. ठोके देणाऱ्या गाठीची मात्र धास्ती असायची. कॅरोटिड बॉडी ट्यूमर म्हणजे रक्तवाहिन्यांचा नुसता गुंता. साधी गाठ म्हणून कापायला घेतली की टेबलावर रक्त आवरता आवरत नाही, आणि मुख्य धमनी बांधायची पाळी आली तर माणूस अर्ध्या अंगानं जाण्याची भीती. त्यासाठी अँजिओग्राफी लागायची. लिस्बनच्या एगास मोनिझनं १९२७ साली मेंदूच्या धमन्यांची अँजिओग्राफी पहिल्यांदा केली. आमच्या शिकण्याच्या दिवसांतही सुई मानेतल्या धमनीत थेटच घालत. औषध भरताना रुग्णाचा चेहरा लाल व्हायचा, डोळ्यामागं आग झाल्याचं तो सांगायचा. हे करायला इथला माणूस महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबईला जायचा. सोबत भाऊ, वळकटी, भाकरीचं फडकं आणि फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी. राहायचं कुठल्या तरी धर्मशाळेत किंवा लालबागला गाववाल्याच्या खोलीत. सीटी स्कॅनची कथा तीच. हाउन्सफील्डच्या यंत्रानं १९७१ साली लंडनजवळ पहिल्या रुग्णाचा मेंदू दाखवला, पण ते यंत्र आधी मुंबई, मग पुणे असं करत आमच्यापर्यंत यायला बरीच वर्षं गेली.

तेव्हा खरं निदान व्हायचं ते मान उघडल्यावरच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नातेवाइकांनी रक्ताच्या बाटल्यांची सोय करायची. रबरी हातमोजे धुऊन, पावडर लावून, भोकं पडली तर ठिगळ लावून पुन्हा वापरात. बॉइल मशीनचा एकसुरी सुस्कारा, हॅलोथेनचा गोडसर वास, आणि दिवे गेले तर वॉर्डबॉयच्या हातातली बॅटरी. कानाखालून कंठापर्यंतचा स्नायू बाजूला ओढला, धमनी-शिरेवरचं आवरण उघडलं, की ती दिसायची. पिवळसर, गुळगुळीत, लांबट, दोन्ही टोकांना निमुळती. वरच्या टोकातून नस आत गेलेली, खालच्या टोकातून बाहेर आलेली.

इथं आमच्या काळाचा एक स्वभाव सांगायला हवा. गाठ काढायची म्हणजे मुळासकट काढायची, हा बाणा. वर कापा, खाली कापा, अख्खी गाठ बशीत. आवरण सोलून आतला गर तेवढा काढता येतो, हे पुस्तकात लिहिलेलं होतं. पण कापडाच्या पट्टीएवढ्या उजेडात, नुसत्या डोळ्यांनी, कॅन्सर असेल की नसेल हे ठाऊक नसताना, गाठीच्या पोटात शिरायचा धीर फार थोड्यांना. अख्खी गाठ काढणारा सर्जन बाहेर येऊन नातेवाइकांना ती दाखवायचा. बघा, एवढी मोठी होती. नातेवाईक हात जोडायचे.

मग ती फॉर्मालिनच्या बरणीत. वॉर्डबॉय सायकलच्या हँडलला बरणी अडकवून मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजीत पोचवायचा आणि आठ-दहा दिवसांनी टाइप केलेला कागद यायचा: न्यूरिलेमोमा. कधी तिथल्या बाई बोलावून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायच्या. पेशींची केंद्रकं दिंडीतल्या वारकऱ्यांसारखी समोरासमोर दोन रांगांत उभी, मधली जागा मोकळी. प्रागमध्ये काम करणाऱ्या व्हेरोकायनं १९१० साली या गाठींचं वर्णन केलं आणि त्या रांगांना त्याचं नाव मिळालं. निदान पक्कं झाल्याचा आनंद आम्हाला व्हायचा. रुग्णाच्या दृष्टीनं तो कागद उशिरा आलेला असायचा, नस तर बरणीतच गेलेली.

आणि नस गेली म्हणजे काय गेलं? व्हेगसची एक फांदी छातीत उतरते, डावीकडे महाधमनीला वळसा घालते आणि माघारी वर चढून स्वरयंत्राला पोचते. मानेत उंचावर व्हेगस कापली की त्या बाजूची स्वरपट्टी कायमची लुळी पडते. घशाच्या वरच्या भागाची जाणीवही जाते, त्यामुळे पाणी पिताना ठसका. मुंबईतल्या वॉर्डात साताऱ्याकडचे एक भजनीबुवा होते. गाठ उत्तम निघाली, जखम उत्तम भरली. आवाजात हवा जास्त आणि सूर कमी. टाके काढायच्या दिवशी ते म्हणाले, "बोलाय येतंय डॉक्टर, पर टाळकऱ्यास्नी ऐकू जात न्हाई." आमच्या सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं करण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. लुळ्या पट्टीत टेफ्लॉनची पेस्ट टोचायची युक्ती अमेरिकेत १९६२ पासून चालू होती, जपानच्या इस्शिकी यांनी १९७४ साली बाहेरून खिडकी पाडून पट्टी मध्ये सरकवण्याचं ऑपरेशन लिहिलं. पण वर्तमानपत्र शेजारच्या टेबलावरून आपल्या टेबलावर यायला जो वेळ लागतो, तो वैद्यकात वर्षांनी मोजायचा असतो.

आज माझी पुतणी याच गावात कान-नाक-घशाचं काम करते. अधूनमधून मी तिच्या ओपीडीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसतो. नाकातून बारीक लवचीक दुर्बीण जाते, समोरच्या पडद्यावर स्वरयंत्र दिसतं, रुग्णाची बायकोही मान वाकडी करून पाहते. कुणाला ओकारी येत नाही. "ई म्हणा" मात्र तसंच राहिलंय. गाठीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला की नस गाठीत शिरताना आणि निघताना दिसते. क्षयाची शंका असेल तर सुईनं घेतलेला नमुना सीबीनॅट यंत्रात घालतात, दोन तासांत उत्तर मिळतं. कागदावरचं खोडून द्या म्हणणाऱ्या त्या आईला हे दाखवायला हवं होतं. सुई घालून पेशी तपासण्याचा उपाय आमच्याकडेही ऐंशीच्या दशकात आला, पण श्वानोमात ती सुई बरेचदा काहीच सांगत नाही आणि रुग्णाला मात्र विजेचा झटका बसल्यासारखी कळ देते. ठोके असतील तर आधी डॉपलर, मगच सुईचा विचार, ही शिस्तही आता रुळली आहे.

खरी उलथापालथ केली ती एमआरआयनं. गाठ आहे एवढंच नव्हे, कुठल्या नसेची आहे हे तो मान उघडण्याआधी सांगतो. त्यातली एक खूण मला फार आवडते. व्हेगस ही कॅरोटिड धमनी आणि गळ्याची मोठी शीर यांच्या मधून जाते. तिची गाठ वाढली की ती त्या दोघींच्या मध्ये घुसते आणि त्यांना एकमेकींपासून दूर सारते. सिंपथेटिक साखळी दोघींच्या मागं. तिची गाठ दोघींना मिळून पुढं ढकलते, जोडी फोडत नाही. फुरुकावा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९९६ साली हे मांडलं. शरीररचना तर आम्ही प्रेतं चिरून तोंडपाठ केलेली होती. या दोघींकडे पाहून तिसरी ओळखता येईल, हे कळायला आतलं दाखवणारं चित्र यावं लागलं.

नस आधीच कळल्यानं सगळ्यात मोठा फरक पडला तो रुग्णाशी होणाऱ्या बोलण्यात. मागं आम्ही म्हणायचो, "गाठ आहे, काढू या." सही किंवा अंगठा व्हायचा. आता पुतणी कागदावर नस काढते आणि विचारते, "ही व्हेगसची आहे. काढली तर आवाज काही महिने घोगरा होईल, कदाचित कायमचा. नाही काढली तर दर वर्षी एमआरआय करून पाहू. तुमचं काम काय?" समोरचा म्हणाला शाळेत शिक्षक, तर बोलणं एका वळणानं जातं. म्हणाला वय अठ्ठ्याहत्तर आणि काही त्रास नाही, तर ती फाईल बंद करते, "पुढच्या वर्षी या." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी चुळबुळलो. हाताला लागणारी गाठ तशीच ठेवून माणसाला घरी पाठवायचं? आमच्या वेळी अशा सर्जनला भित्रा म्हटलं असतं. आज माझं मत पक्कं झालंय की या आजारात गेल्या पन्नास वर्षांत झालेली सगळ्यात मोठी सुधारणा हीच. काय कापायचं हे आम्ही शिकलो होतो, काय सोडायचं हे पुढच्या पिढीनं शिकून घेतलं.

ऑपरेशन करायचंच ठरलं तर तेही पाहण्यासारखं. एकदा तिनं मला थिएटरात उभं केलं. भूलतज्ज्ञांनी श्वासनलिकेत घातलेल्या नळीलाच इलेक्ट्रोड जोडलेले, ते स्वरपट्ट्यांना टेकून बसतात. स्नायू सैल करणारं औषध दिलेलं नसतं, नाहीतर यंत्राला काही कळणार नाही. मान उघडली, गाठ दिसली. तीच पिवळसर, तीच निमुळती, माझी जुनी ओळखीची. पुतणीनं मायक्रोस्कोप वर ओढला आणि टाचणीएवढ्या सळईनं गाठीच्या अंगावर ठिकठिकाणी टेकायला सुरुवात केली. यंत्र टक-टक बोलायला लागलं, पडद्यावर लाटा उठल्या. म्हणजे तिथं चालता धागा आहे. पुन्हा टेकवलं, पुन्हा टक-टक. आणखी थोडं पुढं, आणि यंत्र गप्प. "इथं," ती म्हणाली. त्या मुक्या पट्टीवर, धाग्यांच्या दिशेनंच, उभा छेद. आवरण दोन बाजूंना अलगद सारलं आणि आतली गाठ सोलून बाहेर. मागं राहिलं ते नसेचं रिकामं, सुरकुतलेलं आवरण. शेवटी वरच्या टोकाला सळई टेकवली. टक-टक. थिएटरातली सिस्टर माझ्याकडे बघून हसली. मला का कोण जाणे, त्या बुवांचे टाळकरी आठवले.

हे सगळं ऐकून आता काहीच बिघडत नाही असं कुणी समजू नये. नस जपूनही आवाज कित्येकदा काही आठवडे, महिने बसतो, कधी पूर्ण परत येत नाही. सिंपथेटिकच्या गाठीत पापणी आजही उतरते. आणि एक विचित्र दुखणं आहे, जेवणाच्या पहिल्या घासाला जबड्यात असह्य कळ येते, दुसऱ्या-तिसऱ्या घासाला ओसरते, पुढच्या जेवणाला पुन्हा तेच. सिंपथेटिकचा पुरवठा तुटल्यानं कानाखालची लाळग्रंथी पहिल्या घासाला वाजवीपेक्षा जोरात आकसते, असं त्याचं कारण सांगतात. १९८६ साली इंग्रजीत त्याला 'फर्स्ट बाइट सिंड्रोम' हे नाव मिळालं. त्याआधी असला माणूस दातांच्या डॉक्टरकडे चकरा मारायचा आणि एखादी धड दाढ गमावून यायचा. आता रुग्णाला आधीच सांगून ठेवतात. दुखणं तेच, पण भाकरीचा तुकडा हातात धरून माणूस घाबरत नाही.

न्यूरोफायब्रोमॅटोसिसवाल्यांची कथा वेगळी आणि जास्त कष्टाची. लहानपणापासून अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग, पुढं जागोजागी गाठी. यांच्या न्यूरोफायब्रोमात नस गाठीतून विखरून जाते, सोलून काढायचा मार्गच नसतो. त्यातली एखादी गाठ पुढं कॅन्सरची होण्याचा धोका आयुष्यभरात शेकडा दहाच्या आसपास, म्हणून गाठ झपाट्यानं वाढली किंवा रात्रंदिवस दुखायला लागली तर थांबून चालत नाही. मागं आम्ही यांना फक्त धीर द्यायचो. या आजाराचं जनुक १९९० साली सापडलं आणि २०२० साली अमेरिकेत मुलांच्या अशा न काढता येणाऱ्या गाठींसाठी सेल्युमेटिनिब या औषधाला मान्यता मिळाली. किंमत ऐकली तर आपल्याकडचा बाप गप्प होतो, पण औषध आहे ही गोष्टच आमच्या काळात नव्हती.

मग जुन्या काळाचं काहीच बरं नव्हतं का? होतं. रुग्णाला हात लावल्याशिवाय त्याच्याबद्दल मत द्यायचं नाही, हा दंडक होता. आज कित्येक जण आधी एमआरआय करून येतात, मान कुणी दाबूनच पाहिलेली नसते. रिपोर्टातलं इंग्रजी मोबाईलवर वाचून रात्रभर न झोपलेला पंचविशीतला मुलगा समोर बसतो. त्याला 'ट्यूमर' एवढा एकच शब्द दिसलेला असतो. जुन्या चिठ्ठीत फॅमिली डॉक्टर लिहायचे की याच्या आजीलाही अशी गाठ होती, मुलगा एकटा कमावता आहे, जरा समजावून सांगा. ती चिठ्ठी कुठल्या स्कॅनमध्ये येत नाही. पैशांचं म्हणाल तर तेव्हा धर्मादाय खाटेवर आणि डॉक्टरांच्या भिडेवर काम व्हायचं. आता राज्याची जीवनदायी योजना, २०१७ पासून महात्मा फुले जनआरोग्य योजना, बऱ्याच मोठ्या ऑपरेशनांचा भार उचलते. भिडेपेक्षा हक्क केव्हाही बरा. मुंबईला जावंच लागलं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आजही गरीब रुग्णांना आसरा देते. तेवढं एक जुनं अजून टिकून आहे आणि ते टिकायला हवं.

पण त्या काळात परत जायला मिळालं तर जाशील का, असं मला कुणी विचारलं, तर माझं उत्तर नाही असंच आहे. सरांच्या राउंडसाठी, आरशासाठी, त्या शिस्तीसाठी जीव तुटतो खरा. पण बुवांचा आवाज त्या शिस्तीनं वाचला नव्हता.

वाचकांना दोन-तीन गोष्टी सांगतो आणि थांबतो. मानेतली गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर दाखवा. लेप लावू नका, आणि कुठलीही तपासणी न करता कुणी क्षयाचा कोर्स सुरू करत असेल तर का, हे विचारा. नसेची गाठ आहे असं कळलं तर डॉक्टरांना न लाजता विचारा, कुठल्या नसेची, आणि नाही काढली तर काय होईल? आणि जुना एमआरआय, जुनी सीडी, जुना रिपोर्ट रद्दीत घालू नका. गाठ वाढते आहे की नाही हे जुन्या चित्राशेजारी नवं ठेवल्याशिवाय कळत नाही, पुढच्या वर्षी डॉक्टर आधी तेच मागतील.